मधाच्या ऑनलाइन दुकानासाठी बोधचिन्ह : सादरीकरण-प्रणालीच्या साहाय्याने आरेखन

प्रास्ताविक

मधपाळांचे गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या आता मधाची विक्री ऑनलाइन दुकानांतून थेट ग्राहकाला करू लागल्या आहेत. बाजारात समोरासमोर विक्री होत असताना ग्राहक मध चाखून पाहतो, विक्रेत्याला दोन प्रश्न विचारतो आणि मग निर्णय घेतो. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर यांपैकी काहीही शक्य नसते. तेथे ग्राहकाला प्रथम दिसते ते नखाएवढे एक चित्र, म्हणजेच त्या दुकानाचे बोधचिन्ह. मधाच्या बाबतीत या चित्रावरची जबाबदारी अधिक असते. २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने मधातील साखर-पाकाच्या भेसळीविषयीचा अहवाल प्रसिद्ध केल्यापासून ग्राहक मधाकडे संशयानेच पाहतो. प्रामाणिक मधपाळाच्या बोधचिन्हातच चूक असेल, तर त्या संशयाला खतपाणी मिळते.

असे असूनही बहुतेक लहान गट बोधचिन्हाचे काम शेवटच्या दिवसावर ढकलतात. मग आंतरजालावरील एखादे तयार चित्र उचलले जाते किंवा छपाईवाला देईल ते स्वीकारले जाते. याचे मुख्य कारण असे की, आरेखनाच्या खास संगणक प्रणाली महाग आणि शिकण्यास कठीण वाटतात. परंतु साधे, नेमके आणि स्वतःच्या मालकीचे बोधचिन्ह काढण्यास सादरीकरणाची प्रणाली पुरेशी आहे. कृषी विस्तार कार्यकर्त्यांना प्रशिक्षणाच्या निमित्ताने पॉवरपॉइंट किंवा विनामूल्य उपलब्ध असलेले लिब्रेऑफिस इम्प्रेस हाताळण्याचा सराव असतोच. त्याच सरावाच्या बळावर हे काम कसे करावे, ते प्रस्तुत लेखात पायरीपायरीने दिले आहे.

उदाहरणासाठी राजस्थानातील भरतपूर-अलवर पट्टा घेतला आहे. हिवाळ्यात येथील मोहरीच्या फुलोऱ्यावर अनेक राज्यांतील मधपाळ मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या स्थलांतरित करतात. अशा मधपाळांच्या एखाद्या गटाला आपले ऑनलाइन दुकान सुरू करावयाचे आहे, असे गृहीत धरू.

१. आरेखनापूर्वीचा विचार : चिन्ह कशाचे?

संगणक उघडण्यापूर्वी कागदावर एका प्रश्नाचे उत्तर लिहावे : हे चिन्ह दुकानाचे आहे की एका मालाचे? आपल्या उदाहरणातील गट पहिल्या वर्षी मोहरीचा मध विकणार आहे. म्हणून चार पाकळ्यांचे मोहरीचे पिवळे फूल बोधचिन्हात घ्यावे, असे सहज सुचते. परंतु स्थलांतर करणाऱ्या पेट्या मोहरीनंतर बिहारमधील मुझफ्फरपूरच्या लिचीवर किंवा अन्य फुलोऱ्यांवर जाऊ शकतात. मग लिचीच्या मधाच्या बाटलीवर मोहरीचे फूल येईल आणि ते ग्राहकाची दिशाभूल करील. यासाठी दुकानाचे चिन्ह आणि फुलोऱ्याची खूण वेगवेगळी ठेवावी. दुकानाचे चिन्ह कायम राहील. फुलोऱ्याची खूण लेबलावर स्वतंत्र ठिकाणी असेल आणि मालानुसार बदलेल.

दुसरा प्रश्न अपेक्षेचा आहे. मधाच्या असंख्य चिन्हांत लाकडी दांडीवरून ओघळणारी सोनेरी धार दिसते. मोहरीच्या मधात फळशर्करेच्या तुलनेत ग्लुकोजचे प्रमाण जास्त असते. ग्लुकोज पाण्यात कमी विरघळत असल्यामुळे त्याचे स्फटिक लवकर सुटतात आणि हा मध अल्पकाळात दाट, पांढरट व रवाळ होतो. हा त्याचा नैसर्गिक गुणधर्म आहे. परंतु ओघळत्या सोनेरी धारेचे चित्र पाहून मागणी नोंदविणाऱ्या ग्राहकाला घरी आलेली पांढरट, गोठलेली बाटली साखर मिसळल्यासारखी वाटते. तक्रार येते, माल परत येतो आणि दुकानाच्या पानावर वाईट अभिप्राय कायमचा राहतो. म्हणून ज्या गटाचा मध रवाळ होतो, त्याने आपल्या चिन्हात धार दाखवू नये. तो रवाळ का होतो, याचे दोन ओळींचे स्पष्टीकरण लेबलावर द्यावे.

२. कीटकशास्त्राच्या दृष्टीने चिन्हातील मधमाशी

मधाच्या चिन्हात मधमाशी असणे स्वाभाविक आहे. पण ती मधमाशीच असावयास हवी. बाजारातील अनेक चिन्हांत गांधीलमाशी किंवा दोन पंखांची साधी माशी काढलेली असते. खालील बाबी तपासाव्यात.

• शरीराचे डोके, वक्ष आणि उदर असे तीन भाग असतात. पायांच्या तीन जोड्या व पंखांच्या दोन जोड्या वक्षालाच जोडलेल्या असतात. उदरातून निघालेले पाय किंवा पंख चुकीचे ठरतात.

• पंख चार असतात. पुढचे मोठे व मागचे लहान. पंखांची एकच जोडी हे घरमाशीच्या गणाचे लक्षण आहे.

• वक्ष व उदर यांच्यामधील कंबर वरून पाहताना फारशी उठून दिसत नाही. लांब, बारीक कंबर व झगझगीत पिवळे-काळे पट्टे काढल्यास आकृती गांधीलमाशीकडे झुकते. मधमाशीचा रंग तपकिरी व मंद असतो.

• डोक्यावर मुकुट घातलेली राणीमाशी शोभेची वाटते, परंतु मध गोळा करण्याचे काम कामकरी माश्या करतात.

• गवताच्या वळ्यांचे घुमटाकार पोळे-घर ही युरोपातील जुनी पद्धत आहे. भारतातील मधपाळ लाकडी पेट्या वापरतात. आग्या माशी पेटीत राहत नाही. ती कड्यांना किंवा उंच फांद्यांना एकच मोठे उघडे पोळे बांधते. म्हणून जंगलातील आग्या माशीचा मध विकणाऱ्याने चिन्हात पेटी दाखवू नये आणि पेटीतील मध विकणाऱ्याने कड्यावरचे पोळे दाखवू नये. सह्याद्रीतील सातेरी माशी मात्र पेटीत पाळली जाते. तिच्या मधासाठी पेटीचे चित्र योग्यच ठरते.

येथे एक नियम पाळावा. लहान आकारात न दिसणारा अवयव गाळला तरी चालतो, पण जो काढला तो बरोबरच असला पाहिजे. सहा पाय दिसणार नसतील तर पाय काढूच नयेत. सोयीसाठी चार पाय काढणे मात्र चूक आहे.

३. आरेखनाची पूर्वतयारी

आपल्या उदाहरणासाठी रचना अशी ठरवू : पोळ्यातील कोठीचे प्रतीक असलेला एक भरीव षट्कोन आणि त्यात कोरून काढलेली, वरून दिसणारी मधमाशी. षट्कोनाचा आणखी एक व्यावहारिक लाभ आहे. व्हॉट्सअॅप बिझनेससारख्या ठिकाणी दुकानाचे चित्र गोल कापून दाखविले जाते. चौकोनी चिन्हाचे कोपरे त्यात कापले जातात, कारण वर्तुळात मावणाऱ्या चौरसाची बाजू वर्तुळाच्या व्यासाच्या सुमारे ७१ टक्केच असते. षट्कोन वर्तुळात अधिक चांगला बसतो.

नवीन सादरीकरण उघडून एकच रिकामी स्लाइड ठेवावी. 'डिझाइन' या मेनूतील 'स्लाइड साइझ' मधून 'कस्टम' निवडून रुंदी व उंची प्रत्येकी ५० सेंमी करावी. एवढा मोठा आकार घेण्याचे कारण असे : पॉवरपॉइंटमधून संपूर्ण स्लाइड चित्ररूपात साठविताना मूळ मांडणीनुसार दर इंचाला ९६ बिंदू मिळतात. नेहमीच्या आकाराच्या स्लाइडचे चित्र त्यामुळे १२८० × ७२० बिंदूंचेच बनते. ५० सेंमीच्या चौरस स्लाइडचे चित्र सुमारे १८९० × १८९० बिंदूंचे मिळते. छपाईला दर इंचाला ३०० बिंदू लागतात असे धरल्यास ते १६ सेंमी रुंदीपर्यंत स्वच्छ छापता येते. बाटलीच्या लेबलाला हे पुरेसे आहे.

'व्ह्यू' मेनूतून जाळी व मार्गदर्शक रेषा सुरू कराव्यात. प्रथम सर्व आकार काळ्या रंगात, बाह्यरेषेविना काढावेत. रंगाचा विचार शेवटी करावा.

४. आरेखनाच्या पायऱ्या

पायरी १ : षट्कोन. 'इन्सर्ट' मधील 'शेप्स' मधून षट्कोन घ्यावा. आकाराच्या चौकटीत रुंदी ४० सेंमी व उंची ३४.६४ सेंमी लिहावी. समभुज षट्कोनाचे हे प्रमाण आहे (उंची = रुंदी × ०.८६६). एवढ्याने सहाही बाजू समान होतीलच असे नाही. आकारावरील पिवळा ठिपका किंचित सरकवून बाजू जुळवाव्यात. तपासणीची युक्ती सोपी आहे : 'कंट्रोल' व 'डी' या कळांनी षट्कोनाची प्रत काढावी, ती ६० अंशांत फिरवावी आणि मूळ आकृतीवर ठेवावी. दोन्ही तंतोतंत जुळल्या तर षट्कोन बरोबर आहे. मग प्रत पुसून मूळ आकृती ९० अंशांत फिरवावी, म्हणजे टोके वर व खाली येतील.

पायरी २ : शरीर. डोक्यासाठी ४ सेंमी व्यासाचे वर्तुळ, वक्षासाठी ६ सेंमी व्यासाचे वर्तुळ आणि उदरासाठी ८ सेंमी रुंद व १२ सेंमी लांब लंबवर्तुळ घ्यावे. 'शिफ्ट' कळ दाबून ठेवल्यास वर्तुळ वेडेवाकडे होत नाही. तिन्ही आकार एका खाली एक असे मांडावेत, की प्रत्येक सांध्यावर सुमारे १ सेंमी भाग एकमेकांवर येईल. 'अलाइन' आदेशातील 'सेंटर' वापरून ते एका उभ्या रेषेत आणावेत. शरीराची एकूण लांबी सुमारे २० सेंमी होईल.

पायरी ३ : पंख. उजव्या बाजूस १२ × ४.५ सेंमीचे एक आणि ८ × ३.५ सेंमीचे दुसरे लंबवर्तुळ काढावे. मोठे पुढे व लहान मागे राहील आणि दोन्हींचे आतले टोक वक्षावर येईल, अशी मांडणी करावी. बाहेरचे टोक थोडे मागे, म्हणजे उदराच्या दिशेने कलते ठेवावे. दोन पंखांमध्ये फट दिसली पाहिजे, अन्यथा चार पंख दोनच भासतील. मग दोन्ही पंख निवडून प्रत काढावी, 'रोटेट' मधील 'फ्लिप हॉरिझॉन्टल' आदेश द्यावा आणि ती डाव्या बाजूस जोडावी. दोन्ही बाजू हुबेहूब समान होतात.

पायरी ४ : उदरावरील पट्टे. सुमारे १.२ सेंमी जाडीचे दोन आडवे आयत उदरावर ठेवावेत. प्रथम उदर, नंतर आयत निवडावेत आणि 'शेप फॉरमॅट' मधील 'मर्ज शेप्स' या सूचीतून 'सबट्रॅक्ट' म्हणजे वजाबाकी करावी. पॉवरपॉइंटमध्ये प्रथम निवडलेला आकार शिल्लक राहतो, हे ध्यानात ठेवावे. ही सूची २०१३ व त्यानंतरच्या आवृत्त्यांत मिळते. इम्प्रेसमध्ये हेच आदेश 'शेप' मेनूत आहेत. तेथे निवडीच्या क्रमापेक्षा आकारांचा थर महत्त्वाचा असतो : सर्वांत मागचा आकार शिल्लक राहतो व पुढचे वजा होतात.

पायरी ५ : जोडणी व कोरणी. डोके, वक्ष, उदर व चारही पंख निवडून 'युनियन' आदेशाने एकसंध आकृती करावी. ही आकृती षट्कोनाच्या मध्यभागी आणावी. आता आधी षट्कोन, मग मधमाशी निवडून पुन्हा 'सबट्रॅक्ट' करावे. भरीव षट्कोनात मधमाशीच्या आकाराची खिडकी तयार होते आणि उदरावरचे पट्टे त्या खिडकीत षट्कोनाच्याच रंगाचे दिसतात. हे एकरंगी चिन्ह शिक्क्यावर, लाकडी पेटीवर किंवा पोत्यावरही उमटविता येते.

कोरणी करण्यापूर्वी संपूर्ण स्लाइडची प्रत काढून ठेवावी. वजाबाकीनंतर मूळ सुटे आकार उरत नाहीत आणि पुढे दुरुस्ती करावयाची झाल्यास सर्व पुन्हा काढावे लागते.

५. अक्षरे

चिन्हाखाली दुकानाचे नाव येते. येथे तीन गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, अक्षरसंच युनिकोड असावा. जुन्या अक्षरसंचांतील मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलतो. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी हे अक्षरसंच मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत आणि व्यापारी कामासाठी विनामूल्य वापरता येतात.

दुसरी, अक्षरांचे वळण. 'ल' आणि 'श' या अक्षरांची मराठीत रूढ असलेली वळणे हिंदी छपाईतील वळणांहून भिन्न आहेत. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी व हिंदी अशा दोन्ही ग्राहकांना माल विकणाऱ्या वाचकांनी नावात ही अक्षरे असल्यास कोणते वळण घ्यावयाचे ते ठरवून सर्वत्र एकच ठेवावे.

तिसरी, अक्षरांचे आकृतीत रूपांतर. ज्या संगणकावर तो अक्षरसंच नाही, तेथे नावाचे रूप बदलते. ते टाळण्यासाठी नावाची चौकट पूर्ण झाकील असा आयत काढून, आधी अक्षरे व मग आयत निवडून, 'मर्ज शेप्स' मधील 'इंटरसेक्ट' आदेश द्यावा. अक्षरे आकृती बनतात. इम्प्रेसमध्ये 'शेप' मेनूतील 'कन्व्हर्ट' मधून 'टू पॉलिगॉन' हा आदेश आहे. त्यानंतर मात्रा, रफार व जोडाक्षरे सुटी तर झाली नाहीत ना, हे मोठे करून पाहावे.

६. रंग व लहान आकाराची परीक्षा

आता रंग द्यावा. मोहरीच्या फुलासारखा फिका पिवळा पांढऱ्या पार्श्वभूमीवर दिसत नाही. गडद मधाळ तपकिरी रंग अधिक उपयुक्त ठरतो, उदाहरणार्थ लाल १५०, हिरवा ८०, निळा १०. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षी लेबल काढतानाही रंग तोच राहील. सादरीकरणाच्या प्रणालीतील रंग पडद्याच्या पद्धतीचे असतात, तर छपाईयंत्र चार शाईंच्या मिश्रणाने रंग देते. त्यामुळे छपाईपूर्वी नमुना प्रत मागून ती दिवसाच्या उजेडात पाहावी.

पुढे लहान आकाराची परीक्षा. ब्राउझरच्या पट्टीवर दिसणारे चिन्ह अवघे १६ × १६ बिंदूंचे असू शकते. ५० सेंमीची स्लाइड १६ बिंदूंत मावते, म्हणजे एक बिंदू सुमारे ३.१ सेंमीचा. याचा अर्थ, ३ सेंमीपेक्षा बारीक असलेली कोणतीही गोष्ट तेथे दिसणार नाही. आपले १.२ सेंमीचे पट्टे नाहीसे होतील. ३.५ सेंमीचे मागचे पंख जेमतेम तग धरतील. म्हणून त्या ठिकाणासाठी पट्टे नसलेली दुसरी आवृत्ती करावी. हेच चिन्ह २ सेंमी रुंद छापले, तर पट्टा सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा होतो. पार्सलवरची लेबले छापणाऱ्या उष्णता-मुद्रण यंत्रांत बहुधा दर मिलिमीटरला ८ ठिपके असतात. अर्ध्या मिलिमीटरला चार ठिपके मिळतात आणि पट्टा स्वच्छ उमटतो. ही यंत्रे काळ्या रंगातच छापतात, हे लक्षात घेतल्यास आरंभी काळ्या रंगात आरेखन करण्याचा आग्रह का धरला, ते स्पष्ट होईल.

७. साठवण

• मूळ सादरीकरणाची फाइल : भविष्यातील दुरुस्तीसाठी. किमान दोन ठिकाणी ठेवावी.

• पीएनजी : संकेतस्थळ व भ्रमणध्वनीसाठी. चिन्ह निवडून उजव्या कळीने 'सेव्ह अॅज पिक्चर' केल्यास पार्श्वभूमी पारदर्शक राहते. संपूर्ण स्लाइड साठविल्यास ती पांढरी येते. गोल चौकटीसाठी मात्र संपूर्ण स्लाइडच साठवावी, म्हणजे भोवतीची मोकळी जागा टिकते.

• एसव्हीजी किंवा पीडीएफ : छपाईसाठी. यांत रेषा गणिती स्वरूपात राहतात, त्यामुळे फलकाएवढे मोठे केले तरी कडा फाटत नाहीत.

• जेपीजी टाळावे. त्यात पारदर्शकता राहत नाही आणि कडांवर डाग येतात.

८. कायदेशीर बाजू

चिन्हात काय नसावे : चिन्हे आणि नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० नुसार राष्ट्रध्वज, शासकीय मुद्रा यांचा व्यापारी चिन्हात वापर करता येत नाही. याच कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज व महात्मा गांधी यांची नावे आणि चित्रेही आहेत. आदरापोटी महाराजांची प्रतिमा चिन्हात घेऊ इच्छिणाऱ्या गटांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे.

हिरव्या चौकटीतील हिरवे भरीव वर्तुळ हे शाकाहारी अन्नाचे विहित चिन्ह आहे. त्याच्याशी साम्य असणारी रचना बोधचिन्हासाठी करू नये. अॅगमार्क व जैविक भारत ही चिन्हे प्रमाणीकरण मिळाल्याशिवाय लावता येत नाहीत आणि त्यांची नक्कल करणारे गोल शिक्केही काढू नयेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे चिन्ह व १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचा पत्ता इत्यादी मजकूर लेबलावर स्वतंत्रपणे द्यावयाचा असतो. बोधचिन्ह कितीही सुंदर असले तरी त्याची जागा घेऊ शकत नाही.

मालकी कोणाची : प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार कलाकृतीचा पहिला मालक सामान्यतः ती काढणारा असतो. गटातील एखाद्या सदस्याच्या मुलाने किंवा ओळखीच्या चित्रकाराने चिन्ह काढून दिले, तर केवळ पैसे दिल्याने मालकी गटाकडे येते असे मानू नये. हक्क लेखी व स्वाक्षरीसह हस्तांतरित करून घ्यावा लागतो. त्या लेखात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. म्हणून मुदत स्पष्ट लिहावी. आंतरजालावरून किंवा प्रणालीतल्या तयार चित्रसंग्रहातून घेतलेल्या आकृतीचा प्रश्न आणखी कठीण आहे. तेच चित्र हजारो लोकांना उपलब्ध असते आणि त्यावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही. मूलभूत आकारांपासून स्वतः काढलेले चिन्ह या दोन्ही अडचणींतून सोडविते.

नोंदणी : व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ खाली चिन्हाची नोंदणी करता येते. मधाचा समावेश वर्ग ३० मध्ये, तर ऑनलाइन किरकोळ विक्रीसेवेचा वर्ग ३५ मध्ये होतो. अर्जापूर्वी व्यापारचिन्ह कार्यालयाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध विनामूल्य घेता येतो. तेथे साम्य असणारे चिन्ह आधीच आहे का, ते पाहावे. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती, नवउद्योग व लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रतिवर्ग ४,५०० रुपये शुल्क आहे, तर इतरांना ९,००० रुपये. नियतकालिकात प्रसिद्धी झाल्यापासून चार महिने हरकतींसाठी असतात. नोंदणी दहा वर्षांची असून नूतनीकरण करता येते.

येथे तीन सूचना. 'शुद्ध मध' यांसारखी मालाचे केवळ वर्णन करणारी नावे सहसा नोंदली जात नाहीत. 'मधु' हा शब्द अनेक राज्यांत समजतो हे खरे, परंतु एकट्या त्या शब्दावर हक्क मिळण्याची अपेक्षा धरू नये. दुसरे, रंगाचे बंधन न घालता काळ्या-पांढऱ्या रूपात नोंदणी केल्यास ती सर्व रंगांसाठी मानली जाते. तिसरे, नोंदणी पूर्ण होण्यापूर्वी वर्तुळातील 'आर' हे नोंदणीदर्शक चिन्ह लावणे दंडपात्र आहे. तोपर्यंत 'टीएम' ही अक्षरे लावता येतात. आणि अर्ज गटाच्या किंवा कंपनीच्याच नावे करावा. एका संचालकाच्या नावे केलेली नोंदणी तो संचालक बाहेर पडताना वादाचे मूळ ठरते.

९. विस्तार कार्यकर्त्यांसाठी प्रशिक्षणाचा आराखडा

हा विषय दोन सत्रांत शिकविता येतो. पहिल्या सत्रात संगणक वापरू नये. प्रत्येक सदस्याने कागदावर एक षट्कोन व एक मधमाशी काढावी आणि सर्वांनी मिळून पंख, पाय, शरीराचे भाग मोजावेत. शक्य असल्यास मेलेली एखादी कामकरी माशी भिंगाखाली दाखवावी. वर्षानुवर्षे पेट्या हाताळणाऱ्यांपैकीही अनेकांनी मागचे पंख कधी निरखलेले नसतात. याच सत्रात फुलोऱ्यांचे वर्षाचे वेळापत्रक मांडून दुकानाचे चिन्ह व फुलोऱ्याची खूण यांची फारकत करावी. दुसऱ्या सत्रात वर दिलेल्या पायऱ्या संगणकावर करून घ्याव्यात. फुलोऱ्याच्या खुणेसाठी मोहरीचे फूल हा उत्तम पाठ आहे : एक पाकळी काढून तिच्या तीन प्रती ९०, १८० व २७० अंशांत फिरवून मांडल्या की क्रुसाच्या आकाराचे चार पाकळ्यांचे फूल तयार होते. लिचीसाठी फळाचे चित्र घेऊ नये. ग्राहकाला तो लिचीच्या स्वादाचा मध वाटण्याची शक्यता असते. लिचीची फुले बारीक व हिरवट असल्यामुळे चित्रात ओळखू येत नाहीत, म्हणून तेथे 'लिचीच्या फुलोऱ्यातील मध' असे शब्दांतच लिहावे.

१०. अंतिम तपासणी

छपाई किंवा नोंदणीपूर्वी गटाने एकत्र बसून पुढील प्रश्न विचारावेत.

१. चिन्ह एकाच काळ्या रंगात ओळखू येते का?
२. १६ बिंदूंत व गोल चौकटीत ते टिकते का?
३. मधमाशीचे पंख चार आणि योग्य जागी आहेत का?
४. चिन्हात दाखविलेली गोष्ट आपल्या मधाबाबत खरी आहे का? रवाळ मधावर धार, जंगली मधावर पेटी असे तर झाले नाही ना?
५. पुढच्या वर्षी दुसऱ्या फुलोऱ्याचा मध विकला, तरी हे चिन्ह चालेल का?
६. चिन्ह काढणाऱ्याने हक्काचा लेख करून दिला आहे का आणि अर्ज गटाच्या नावे आहे का?
७. मूळ फाइल दोन ठिकाणी सुरक्षित आहे का?

यांपैकी चौथ्या प्रश्नाला सर्वाधिक वेळ द्यावा. रेषेतील दोष पुढच्या छपाईत सुधारता येतो. परंतु चित्राने दिलेले वचन आणि बाटलीतला मध यांत तफावत पडली, तर दूर गावी बसलेल्या ग्राहकाला समजावून सांगण्याची संधी मिळत नाही. तो दुसरे दुकान शोधतो. मोहरीच्या शेताकडेला थंडीत पेट्या सांभाळणाऱ्या मधपाळाचे श्रम ज्या चिन्हामागे उभे आहेत, ते चिन्ह त्याच्या मधाइतकेच खरे असावे.